ढालीचे वारस

‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख छापलेली असली, तरी तो अंक अमेरिकेतील वृत्तपत्र-विक्रेत्यांकडे डिसेंबर १९४० मध्येच पोहोचला होता. त्याच्या मुखपृष्ठावर अमेरिकी ध्वजाच्या रंगांचा वेश ल्यालेला एक तरुण ॲडॉल्फ हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका महायुद्धात उतरायला त्या वेळी अद्याप वर्षभराचा अवकाश होता आणि युद्धापासून अलिप्त राहावे, असे मानणारा एक मोठा वर्ग त्या देशात होता. पुढे जुलै २०१४ मध्ये मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमातून जाहीर केले की, यापुढे हा वेश आणि ही ढाल सॅम विल्सन या कृष्णवर्णीय नायकाकडे जाईल. या घोषणेचे अनेकांनी स्वागत केले. तितक्याच वाचकांना ती मूळ कलाकृतीशी केलेली प्रतारणा वाटली. एकाच आठवड्यात ‘थॉर’ या नावाची धारणकर्ती एक स्त्री होणार असल्याचेही जाहीर झाले होते, त्यामुळे हा वाद एका नायकापुरता उरला नाही.

वादाची मांडणी बहुधा अशी केली जाते : एका बाजूला मूळ रूपाशी निष्ठा, दुसऱ्या बाजूला समाजातील वैविध्याला स्थान देण्याची निकड. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मूळ रूप नावाची एक स्थिर वस्तू कोठेतरी सुरक्षित आहे आणि ती जशीच्या तशी ठेवायची की बदलायची, एवढाच निर्णय शिल्लक आहे, हे ते गृहीत होय. कॅप्टन अमेरिकाचा आठ दशकांहून अधिक काळाचा इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही.

या नायकाचे जनक ज्यो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांत वाढलेले तरुण होते. कर्बीचे जन्मनाव जेकब कर्टझबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत त्याचे बालपण गेले होते. युरोपात ज्यूंवर जे ओढवले होते, ते या दोघांच्या दृष्टीने दूरदेशीचे वर्तमान नव्हते. त्यांचा नायक स्टीव्ह रॉजर्स हा सैन्यभरतीत अपात्र ठरलेला किडकिडीत मुलगा. एका शास्त्रज्ञाने दिलेल्या रसायनामुळे त्याला असामान्य बळ प्राप्त होते. नाझींचे अमेरिकी सहानुभूतीदार या अंकानंतर धमक्या देऊ लागले आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी दूरध्वनी करून संरक्षणाचे आश्वासन दिले, असे सायमनने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दुबळ्याच्या हाती बळ आले तर त्याने ते कोणाविरुद्ध वापरावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा नायक जन्माला आला.

त्याचे बाह्य रूप मात्र पहिल्या महिन्यापासूनच बदलू लागले. पहिल्या अंकातील ढाल त्रिकोणी होती. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने आपल्या नायकाशी तिचे साम्य असल्याची हरकत घेतली. म्हणून दुसऱ्या अंकापासून ती वर्तुळाकार झाली. आज जगभर ओळखले जाणारे त्याचे चिन्ह अशा रीतीने एका व्यावसायिक तडजोडीतून आले आहे. सायमन आणि कर्बी यांना मोबदल्याबाबत दिलेले शब्द पाळले गेले नाहीत, या तक्रारीवरून दोघांनी दहा अंकांनंतर संस्था सोडली. म्हणजे अकराव्या अंकापासूनचा कॅप्टन अमेरिका हा निर्मात्यांच्या हातचा राहिला नाही. त्यानंतर जे कोणी त्याला लिहीत आणि रेखाटत आले, ते सारे वारस किंवा विश्वस्त होते.

मूळ रूपात आणखीही काही होते, ज्याचे स्मरण निष्ठेचा पुरस्कार करणाऱ्यांना सहसा होत नाही. १९४१ मध्येच निघालेल्या ‘यंग अलाइज’ या चित्रकथेत कॅप्टन अमेरिकाचा बालसाथी बकी आणि त्याचे सवंगडी होते. त्यांतील एकमेव कृष्णवर्णीय मुलगा जाड ओठांचा, भित्रा, मोडकी भाषा बोलणारा, अशा हिणकस व्यंगचित्राच्या रूपात रंगवलेला होता. अमेरिकी सैन्यातच त्या काळी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. अध्यक्ष ट्रुमन यांचा हा भेद संपवणारा आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला. मूळ रूप जसेच्या तसे जपायचे, तर हे चित्रही जपावे लागेल. तसे कोणीच मागत नाही आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की, निष्ठावंत वाचकही मुळातून निवड करीतच असतो. प्रश्न उरतो तो निवडीच्या निकषाचा.

युद्ध संपताच या नायकाचा वाचक ओसरला. १९५३-५४ मध्ये त्याला साम्यवाद्यांचा कर्दनकाळ म्हणून पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. स्वतःच्या नावाचे अवघे तीन अंक निघून तो थांबला. मार्च १९६४ च्या ‘ॲव्हेंजर्स’ मालिकेच्या चौथ्या अंकात स्टॅन ली आणि कर्बी यांनी त्याला परत आणले. महायुद्धाच्या अखेरीपासून तो बर्फात गोठून पडला होता आणि बकी तेव्हाच मृत्यू पावला होता, असे नवे कथानक त्यांनी रचले. परिणामी पन्नाशीच्या दशकातील कथा निराधार झाल्या. वाचकांनी विकत घेऊन वाचलेला, छापील स्वरूपात अस्तित्वात असलेला इतिहास एका अंकाने रद्द केला. तरीही बर्फातून निघालेला हा नायकच पुढील पिढ्यांना मूळचा वाटत आला आहे.

रद्द झालेल्या कथांचा हिशेब १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या तरुण लेखकाने चुकता केला. त्याच्या कथेनुसार पन्नाशीतील तो नायक रॉजर्स नव्हताच. रॉजर्सच्या भक्तीने पछाडलेल्या एका माणसाने शस्त्रक्रिया करवून त्याचा चेहरा घेतला, त्याचे नाव घेतले, सदोष रसायन टोचून घेतले आणि अखेर त्याची मती फिरली. ज्याच्या-त्याच्यात त्याला साम्यवादी दिसू लागले आणि हार्लेममधील निरपराध कृष्णवर्णीयांवर तो हात टाकू लागला. तोच चेहरा, तोच वेश, तेच नाव. आणि तरीही तो खोटा. वारशाच्या पुढील साऱ्या वादाचे सार या कथेत आहे. दोन वर्षांनी, वॉटरगेट प्रकरणाने अमेरिका ढवळून निघाली असताना, एंगलहार्टने रॉजर्सला राष्ट्राच्या सर्वोच्च सत्तास्थानातील विश्वासघात पाहायला लावले. भ्रमनिरास झालेल्या रॉजर्सने काही महिने ध्वजाचा वेशच उतरवून ठेवला. ध्वजाशी निष्ठा आणि शासनाशी निष्ठा या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या नायकाचे सूत्र तेव्हापासून पक्के झाले.

सॅम विल्सन २०१४ मध्ये अकस्मात उपटलेला नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ‘फाल्कन’ या नावाने तो सप्टेंबर १९६९ च्या अंकात, स्टॅन ली यांच्या लेखणीतून आणि जीन कोलन यांच्या रेखाटनातून अवतरला. १९६६ मध्ये आलेला ब्लॅक पँथर हा एका काल्पनिक आफ्रिकी राज्याचा राजा होता. फाल्कन हा हार्लेममध्ये राहणारा अमेरिकी नागरिक होता. १९७१ ते १९७८ या काळात मालिकेच्या शीर्षकात दोघांची नावे जोडीने छापली जात. असे असूनही १९७५ मधील एका अंकात, समाजकार्यकर्ता म्हणून वाचकांना परिचित असलेल्या सॅमचा पूर्वेतिहास गुन्हेगाराचा असल्याचे दाखवण्यात आले. बरोबरीचे स्थान मिळूनही त्याच्या भूतकाळावर रूढ साच्याची सावली पाडण्यात आली.

ढाल दुसऱ्याच्या हाती जाण्याचे प्रसंगही २०१४ पूर्वी घडले होते. १९८७ मध्ये मार्क ग्रुनवाल्ड यांच्या कथेत शासनाच्या आज्ञेत राहण्यास नकार देऊन रॉजर्सने ती परत केली आणि जॉन वॉकर या दक्षिणेकडील गोऱ्या तरुणाला कॅप्टन अमेरिका म्हणून नेमण्यात आले. त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला आरंभी बकी हेच नाव दिले होते. प्रौढ कृष्णवर्णीयाला त्या नावाने संबोधण्यात गुलामगिरीच्या काळातील अपमानाचा ध्वनी आहे, हे ड्वेन मॅकडफी या लेखकाने ग्रुनवाल्ड यांच्या लक्षात आणून दिले आणि कथेतच ते नाव बदलण्यात आले. हेतू निर्मळ असूनही आपल्या अनुभवाबाहेरचे लेखकाला ऐकू येत नाही, याचा हा बोलका दाखला. पुढे २००७ मध्ये रॉजर्सचा मृत्यू दाखवला गेला आणि २००८ मध्ये ढाल बकीकडे गेली. मेलेला मानलेला बकी परत आणण्याचे श्रेय एड ब्रुबेकर यांच्या २००५ पासूनच्या लेखनाला जाते. या बदलांवर वाचकांनी पत्रे लिहिली, वाद घातले, नापसंतीही व्यक्त केली. परंतु वॉकर किंवा बकी यांच्या वर्णाचा प्रश्न त्यांपैकी कोणी उपस्थित केला नाही. तो उपस्थित होण्याचे कारणच नव्हते. गोऱ्या वारसाचा वर्ण अदृश्य असतो, काळ्या वारसाचा वर्ण हीच त्याची पहिली ओळख ठरते.

या अदृश्यतेवर सर्वांत खोल आघात केला तो २००३ मधील ‘ट्रूथ : रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ या सात अंकी मालिकेने. लेखक रॉबर्ट मोरालेस आणि चित्रकार काइल बेकर यांनी एक साधा प्रश्न विचारला. १९४० च्या सुमारास अमेरिकी शासन एखादे अनोळखी रसायन माणसांवर आजमावणार असते, तर त्याने प्रथम कोणाची शरीरे निवडली असती? अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंशाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून त्यांचे केवळ निरीक्षण करण्यात आले, हा इतिहास या प्रश्नामागे होता. मालिकेत कृष्णवर्णीय सैनिकांवर प्रयोग होतात आणि अनेक जण त्यांत बळी पडतात. वाचलेला आयझाया ब्रॅडली कॅप्टन अमेरिकाचा वेश अंगावर चढवून शत्रूच्या मुलखात जातो आणि परतल्यावर स्वदेशाच्याच तुरुंगात डांबला जातो. मालिका निघण्यापूर्वीच तिच्यावर आक्षेप घेतले गेले होते. वस्तुतः तिने स्टीव्ह रॉजर्सचे काहीही हिरावून घेतले नाही. त्याचे शौर्य, त्याची सचोटी सारे अबाधित राहिले. फक्त ज्या बळावर तो उभा होता त्याची किंमत कोणी मोजली, हे वाचकाला कळले. बदल म्हणजे विस्थापनच असे नाही. गाळलेले पान परत जोडणे हाही बदलच असतो.

आता २०१४ नंतरच्या विरोधाचा विचार निःपक्षपणे करायला हवा. तो सारा वर्णद्वेषातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. द्वेष होता आणि तो उघडपणे व्यक्तही झाला. पण त्याजोडीला दोन विचारार्ह मुद्दे होते. दीर्घकाळ चालणारी मालिका वाचकाशी सातत्याचा एक करार करीत असते. बालपणी भेटलेला नायक त्याला प्रौढपणीही भेटावा, ही अपेक्षा हास्यास्पद नाही. दुसरा मुद्दा व्यापाराचा. अमेरिकेतील चित्रकथांची विशेष दुकाने न विकलेले अंक परत करू शकत नाहीत. मागणी आगाऊ नोंदवावी लागते. त्यामुळे नवा पहिला अंक, नवा वेश, नवा वारस ही मागणी वाढवण्याची जुनी युक्ती ठरते. दूरचित्रवाणीवरील घोषणेने या संशयाला बळ दिले. वारसाकडे दिलेली ढाल पुढे-मागे रॉजर्सकडे परत जाणार, हे प्रत्येक जाणत्या वाचकाला ठाऊक होते. १९८९ मध्ये वॉकरबाबत तेच घडले होते. कृष्णवर्णीय नायकाला दिलेला सन्मान उसना असेल, तर तो सन्मान कितपत, हा प्रश्न बदलाच्या समर्थकांनीही विचारावा असा आहे.

झालेही तसेच. २०१५ मध्ये निक स्पेन्सर यांनी सुरू केलेल्या मालिकेत सॅम मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरितांना पकडणाऱ्या एका टोळीशी झुंजतो. प्रत्यक्षातील वाहिनीवर त्याबद्दल टीका झाली. कथेतील नागरिकही त्याच्याकडे ढाल परत मागतात. २०१६ मध्ये तरुण स्टीव्ह रॉजर्स परतला आणि काही काळ दोन कॅप्टन अमेरिका एकाच वेळी वावरू लागले. त्याच वर्षी रॉजर्सच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस वाचकांना धक्का बसला : तो नाझींशी नाते सांगणाऱ्या हायड्रा या संघटनेचा हस्तक असल्याचे दाखवण्यात आले होते. विश्वाचे वास्तव पालटू शकणाऱ्या एका शक्तीने त्याचा भूतकाळ बदलला आहे, असा उलगडा पुढे झाला आणि २०१७ मध्ये खरा रॉजर्स परतही आला. तरीही दोन ज्यू तरुणांनी हिटलरविरुद्ध उभ्या केलेल्या नायकाला वर्षभर फॅसिस्ट म्हणून वावरावे लागले.

या प्रसंगात वादाची कसोटी लागते. १९४१ च्या नायकाशी अधिक प्रामाणिक कोण होते? सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, मूळ नावाचा परंतु हायड्राला शरण गेलेला रॉजर्स, की दुर्बलांच्या बाजूने उभा राहून स्वदेशीयांचा रोष पत्करणारा सॅम विल्सन? विशेष म्हणजे दोन्ही कथा एकाच लेखकाच्या होत्या. चेहरा न बदलताही मूळ नष्ट करता येते, हे १९७२ च्या तोतयाने दाखवले होते. २०१६ ने ते नव्याने सिद्ध केले.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. एकनाथांचे भावार्थ रामायण आणि मोरोपंतांची अष्टोत्तरशत रामायणे ज्या परंपरेत वाचली जातात, तेथे पुनर्कथन हे मुळाचा अवमान समजले जात नाही. चित्रकथांच्या प्रांतातही याचे उदाहरण आहे. कॅप्टन अमेरिका बर्फातून बाहेर आला त्याच मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला फँटम तिच्यातून आला आणि मराठीत ‘वेताळ’ झाला. त्याच्या बंगाला या देशाचे येथे डेंकाली झाले, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. भारतीय नावांशी असलेले साम्य टाळण्यासाठी हे बदल केले गेले. मराठी मुलांनी जपलेला ‘मूळ’ वेताळ हा असा बदललेला होता. २००४ मध्ये तर मुंबईत राहणारा, धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन अवतरला. पीटर पार्करला हात न लावता झालेले ते स्वतंत्र पुनर्कथन होते.

मात्र रामकथा आणि कॅप्टन अमेरिका यांत एक मूलभूत भेद आहे. रामकथेवर कोणाची मालकी नाही. म्हणून एका कवीचे रामायण दुसऱ्याचे रामायण रद्द करीत नाही. अमेरिकी महानायक ही एका संस्थेची मालमत्ता असते. अधिकृत कॅप्टन अमेरिका कोण, हे वाचक ठरवीत नाहीत आणि निर्मातेही ठरवीत नाहीत. आपल्या निर्मितीवरील हक्कासाठी ज्यो सायमनला वृद्धापकाळापर्यंत न्यायालयात झगडावे लागले. २००३ मध्ये त्या वादात तडजोड झाली. निष्ठा मागणारे आणि बदल मागणारे हे दोन्ही पक्ष जी वस्तू आपली मानून भांडतात, ती दोघांचीही नसते. एकच अधिकृत रूप असल्यामुळे एकाचा लाभ ही दुसऱ्याला आपली हानी वाटते. वादाच्या कडवटपणाचे एक मोठे कारण या मालकीत आहे.

जुन्यांना हात न लावता नवे नायक निर्माण करावेत, असा एक मार्ग सुचवला जातो. तो आजमावला गेला आहे. बकीच्या नावाबद्दल हरकत घेणारे ड्वेन मॅकडफी यांनी डेनिस कोवन आदी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये माइलस्टोन ही संस्था उभारली. आयकॉन, हार्डवेअर, स्टॅटिक असे सकस नायक तिने दिले; पण १९९७ मध्ये तिचे अंक थांबले. पन्नास-साठ वर्षांची पुण्याई असलेल्या नावांशी नव्या नावाने बाजारात टिकाव धरणे सोपे नसते. २०११ मध्ये आलेला माइल्स मोरालेस आणि २०१४ पासून स्वतःची मालिका लाभलेली न्यू जर्सीतील पाकिस्तानी-अमेरिकी मुलगी कमला खान यांनी मधला मार्ग दाखवला. त्यांनी जुने नाव घेतले. परंतु घर, भाषा, धर्म, कुटुंब, भीती आणि स्वप्ने स्वतःची आणली. कमलाच्या पहिल्या संग्रहाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. मूळ नायक परतल्यावरही हे दोघे टिकले, कारण त्यांच्या कथा उसन्या नव्हत्या.

सॅम विल्सनची कथाही अखेर तेथेच पोहोचली. २०१९ च्या चित्रपटात वृद्ध रॉजर्स त्याच्या हाती ढाल देतो. २०२१ च्या दूरचित्रवाणी मालिकेत शासन तीच ढाल जॉन वॉकरला देऊन टाकते आणि सॅमला आयझाया ब्रॅडलीच्या दारी जावे लागते. कोणताही स्वाभिमानी काळा माणूस हे चिन्ह का धारण करील, हा त्या वृद्धाचा प्रश्न असतो. सॅम त्या प्रश्नाचे खंडन करीत नाही. तो प्रश्न सोबत घेऊनच ढाल उचलतो. १९४१, १९६९, १९८७ आणि २००३ ही चारही वर्षे तेथे एकत्र येतात. बदल येथे इतिहासाला बगल देत नाही, उलट आजवर न सांगितलेला इतिहास आत घेतो. म्हणूनच तो उपरा वाटत नाही.

तेव्हा निष्ठा हवीच. पण ती कशाशी, हे नीट सांगता आले पाहिजे. रूपाशी म्हणावे, तर ते दुसऱ्याच अंकात बदलले. कथानकाशी म्हणावे, तर ते १९६४ मध्ये पुसून पुन्हा लिहिले गेले. निर्मात्यांशी म्हणावे, तर त्यांनाच दहा अंकांनंतर बाहेर पडावे लागले. उरतो तो एक दुबळा मुलगा, ज्याला बळ मिळते आणि जो ते दांडग्यांविरुद्ध वापरतो. हा मुलगा कोणत्या वर्णाचा असावा, हे त्या कथेच्या गाभ्यात कोठेही लिहिलेले नाही. त्या बळासाठी कोणी काय भोगले, हे मात्र प्रत्येक वारसाला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसेल, तर सोनेरी केसांचा वारसही तोतया ठरतो. आणि ठाऊक असेल, तर ढाल योग्य हाती आहे.